मूठ पाहून केलेलं चाडं

सुतार आणि लोहार शेजारी आले की भांडण ठरलेलं. माझ्या भट्टीतली ठिणगी उडून त्याच्या भुशात पडायची आणि त्याचा भुसा उडून माझ्या भाकरीवर बसायचा. अमडापूरच्या बाजाराच्या वाटेवर एका कडुनिंबाखाली आमची दोघांची दुकानं पाठीला पाठ लावून होती. एकीकडे मी, गुलाबराव लोहार. दुसरीकडे उकंडराव सुतार. मुंबईत नवं राज्य झालं त्याला दोन-चार वर्षं झाली होती, पण आमच्याकडे नांगर तोच, बैल तेच आणि सगळी शेती आम्हा दोघांच्या हातून जाणारी. तरी गावात मान मोठा उकंडरावाचा. माझा घण अर्ध्या गावाला ऐकू जायचा, त्याचं काम शेजारी बसलेल्यालाही ऐकू येत नसे, पण नाव निघायचं ते त्याचंच. हे मला सलायचं, आणि तो जाऊन इतकी वर्षं झाली तरी थोडं सलतंच.

त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून हा जन्मला तसा आजीनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला आणि टाकलेलं पोर सापडलं म्हणून पुन्हा उचलून घरात आणला. नाव पडलं उकंडा. मी त्याला चिडवायचो, "तू उकिरड्यावरून आला म्हूनच तुले काही फेकवत नाई." खरंच त्याला लाकडाचा ढलपासुद्धा टाकवत नसे. ढलप्याची पाचर व्हायची, पाचरीतून उरलं त्याची खुंटी व्हायची, आणि खुंटीतूनही काही उरलं तर ते माझ्या भट्टीत यायचं. तेही उपकार केल्यासारखं.

त्याच्यापुढे बसलेल्या माणसाला काही ना काही शिकवल्याशिवाय तो उठू देत नसे. कुणी ओलं बाभळीचं खोड बैलगाडीत घालून आणलं की आधी विचारायचा, "टोकाले शेण लावलं का?" नसेल लावलं तर तिथल्या तिथे त्याच माणसाकडून दोन्ही टोकांना शेण लिंपून घ्यायचा आणि खोड सावलीत ढकलायला लावायचा. लाकूड टोकांकडून आधी वाळतं, आणि टोक आधी वाळलं की तिथूनच तडकतं, हे त्याचं सांगणं. खुंटी मात्र खडखडीत वाळलेली हवी आणि जिच्यात ती ठोकायची ते अंग किंचित ओलं हवं. अंग आकसतं तसं ते खुंटीला आवळून धरतं. उलट केलंस तर पोळ्यापर्यंत औत खुळखुळायला लागेल, असं तो बजावायचा.

कानावर पेन्सिल खोचणाऱ्या सुतारांचा त्याला तिटकारा होता. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, म्हणायचा. तिच्या कोणत्या कडेनं कापायचं तेच कळत नाही. तो पटाशीच्या कोपऱ्यानं लाकडावर ओरखडा काढायचा आणि करवत त्या ओरखड्याला न शिवता बाहेरच्या अंगानं चालवायचा. रंधा त्यानं कधी तोंडावर ठेवला नाही, कायम कुशीवर. एकदा मी त्याचा रंधा उचलून पालथा ठेवला तर म्हणाला, "गुलब्या, तुह्या पोराले तू असा तोंडावर निजवतं का बे?" लाकूड तासायचा वाकस तर सख्ख्या भावालाही उसना दिला नाही. वाकसाचा दांडा वर्षानुवर्षं एका हातात झिजून त्या हाताचा झालेला असतो. दुसऱ्यानं चार घाव घातले की आपल्यालाच तो परका वाटतो, असं त्याचं म्हणणं. आणि धार लावायला वेळ नाही म्हणणाऱ्याला तो सरळ हाकलून द्यायचा. धारेला वाचवलेला वेळ दुपारी घामानं फेडावा लागतो म्हणायचा.

हे सगळं ठीक. पण त्याचं खरं वेड होतं चाडं.

आमच्याकडची तिफण तीन फणांची. प्रत्येक फणामागे एक पोकळ बांबूची नळी, आणि वर तिन्ही नळ्या जिथे एकत्र येतात तिथे चाडं. चाडं म्हणजे लाकडाची वाटी. मधोमध जरासा उंचवटा आणि भोवती तीन भोकं. पुढे गडी बैल हाकतो, मागून पेरणारी बाई चालते. ती मुठीतला दाणा वाटीत सोडत जाते आणि तो तीन वाटांनी जमिनीत उतरतो. तीन भोकं सारखी पाडली की झालं, त्यात काय एवढं, असं माझं मत होतं. ते मी एकदा बोलून दाखवलं.

"सारकी भोकं कोनीबी पाडीन," उकंडराव म्हणाला. "पन दोन बायाची मूठ सारकी असते का? कोनाचा दाना आंगठ्याकून सुटते, कोनाचा करंगळीकून. चाडं मुठीले पाहून करा लागते, बापू."

म्हणून चाडं करायच्या आधी तो पेरणाऱ्या बाईला बोलवायचा. पाटावर राख पसरायची, बाईनं त्यावर मुठीतून ज्वारी सोडायची आणि यानं वाकून पाहायचं, दाणा कुठे दाट पडतो, कुठे विरळ. मग त्या मापानं उंचवटा इकडे-तिकडे सरकवायचा, एखादं भोक केसभर मोठं करायचं. राख अर्थात माझ्या भट्टीतली. "गुलब्या, राख आन, आन गाळून आन," असं फर्मान सुटायचं. राख मी द्यायचो, पण गाळून कधी दिली नाही. मी काय त्याचा गडी होतो?

गावात मूठ म्हणावी तर केसरबाईची. जानराव आमच्या गावचा मळेवाला, त्याची ही बायको. बाई उंच, चालणं संथ, आणि पेरणीच्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर असं काही तेज यायचं की जानराव स्वतः दोन पावलं बाजूला उभा राहायचा. लोक आपल्या शेतात पहिली मूठ धरायला तिला बोलवायचे. नव्या सुनेला दाखवायला तिच्या ज्वारीच्या ओळी दाखवायचे. त्या बाईला दागिन्याचा सोस नव्हता, बोलण्याचा नव्हता. तिचं जे काही मोठेपण होतं ते त्या उजव्या मुठीत होतं, आणि ते तिला पुरत होतं.

त्या हिवाळ्यात एक गोऱ्हा बुजला आणि त्याचा कासरा तिच्या त्याच हाताला आवळला. करंगळी आणि शेजारचं बोट सुजून काळं पडलं. औषधपाणी झालं, सूज उतरली. आता बरं आहे, असं ती सगळ्यांना सांगायची. पण सांगताना हात पदराखाली असायचा. जानरावाला वाटलं बरं आहे. सून अन्नपूर्णा नवीनच आली होती, तिलाही तसंच वाटलं. ते साहजिक होतं, कारण केसरबाईनं धुणं-भांडं काही कुणाला करू दिलं नव्हतं.

वैशाखात ती आमच्या कडुनिंबाखाली आली.

"मिस्त्री, मले चाडं पाह्यजे. जुनं तडकलं."

"करून देतो न वयनी. बसा. गुलब्या, राख आन. वयनीची मूठ पाहू."

"माही मूठ काय तुले नवी हाये?" तिचा हात पदरातच. "पह्यलं चाडं तूच केलं न?"

"लाकूड जुनं होते, तशी मूठबी बदलते. पाह्यलेली बरी."

"काई नाई बदलली. पह्यल्यासारकंच कर." एवढं बोलून ती उठली आणि चालती झाली.

मी राखेचं घमेलं घेऊन तसाच उभा. "ताकाले आली आन भांडं लपवून गेली," मी म्हणालो.

"तू तुहा भाता फुक," उकंडराव म्हणाला. पण त्यानं लाकडाला हात लावला नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्याही दिवशी नाही. म्हणाला, न पाहता चाडं करता येत नाही, आणि नको म्हणणाऱ्या बाईची मूठ ओढून पाहता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते खरंच होतं. तिच्यापाशी लाख असोत की नसोत, मूठ झाकलेली राहावी एवढंच तिचं मागणं होतं.

मधे जानरावाच्या मळ्यातल्या मोटेचं चाक कुरकुरायला लागलं म्हणून आम्हा दोघांना बोलावणं आलं. लाकूड त्याचं, आतला आस माझा. काम करून पाणी प्यायला विहिरीच्या कडेला बसलो तर समोर केसरबाईनं हातानं टाकलेले मेथीचे वाफे. निम्मी मेथी उपटून झालेली, आणि तीही बोटभर उंचीची, अगदी कोवळी. राहिलेल्या वाफ्यांत प्रत्येकाच्या उजव्या अंगाला मेथीची नुसती दाटी, डाव्या अंगाला टक्कल. मी म्हटलं, "जानराव, मेथी एवढी कोवळी काऊन उपटून राह्यले?" तो म्हणाला, "घरातल्याले कोवळीच आवडते म्हन्ते बाप्पा." मला त्यात विशेष काही वाटलं नाही. उकंडराव मात्र वाफ्याच्या बांधावर उकिडवा बसून राहिला, इतका वेळ की मला त्याच्या खांद्याला धरून उठवावा लागला.

दुसऱ्या दिवशी त्यानं शिवणीच्या लाकडाचा ठोकळा काढला. शिवण हलकी, उलत नाही, म्हणून वाटीला ती. ठोकळ्यातला गाभा आधी बाजूला केला, कारण गाभा धरला की आज ना उद्या तडा हमखास जातो. मग गोल पटाशीनं कोरायला बसला, काठाकडून बुडाकडे. बुडाकडून काठाकडे आलं की लाकडाची नस उचकटते, हे तो कुणी ऐकणारं नसलं तरी पुटपुटायचा. गिरमिटानं पाडलेली भोकं शेवटी माझ्या लाल केलेल्या सळईनं आतून जाळून घ्यायची पद्धत होती, म्हणजे आत लाकडाचं कूस राहत नाही आणि दाणा अडत नाही. दोन भोकं नेहमीच्या सळईनं झाली. तिसऱ्याला त्यानं हात पुढे केला.

"याच्याहून बारीक दे."

"तीन भोकाले दोन सळया? भोकं सारकी नाई पाडत का?"

"नाई."

मी वाटीत पाहिलं. मधला उंचवटाही मधोमध नव्हता, उजवीकडे सरकलेला होता, आणि बारीक भोकही उजवीकडचंच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईची ती दोन बोटं मिटतच नव्हती. त्या फटीतून उजवीकडे दाणा गळत होता आणि हा ते वाटीत दुरुस्त करत होता. ही गोष्ट मी कुणाजवळ बोललो नाही. मी एखादी गोष्ट पोटात ठेवली यावर माझ्या बायकोचा अजूनही विश्वास बसत नाही.

आता आमच्या गावची एक रीत सांगितली पाहिजे. रोहिण्या संपत आल्या की मारुतीपुढचं अंगण सारवून घ्यायचे आणि नवी चाडी लावलेल्या तिफणी तिथे आणायचे. दोन गडी तिफण ओढायचे, फण जमिनीला जेमतेम टेकलेले, आणि मागून घरची बाई दाणे सोडत जायची. सारवलेल्या जमिनीवर तीन ओळी स्पष्ट दिसायच्या. ओळी सारख्या आल्या तर सुताराला नारळ. नाही आल्या तर मालकानं चाडं सोडून सुतारापुढे पालथं घालायचं, तोंडानं काही बोलायचं नाही. उकंडरावाच्या चुलत्यापुढे असं चाडं पालथं पडलं होतं. तो माणूस गाव सोडून सुलतानपूरला गेला आणि नंतर आमच्या बाजारालाही आला नाही. उकंडरावापुढे ते कधी पडलं नव्हतं.

जानरावाची तिफण पुढे आली. गडी खांद्याला दोर लावून उभे राहिले. केसरबाई उठली, चाड्यापर्यंत आली, गर्दीकडे तिनं एकदा पाहिलं आणि ज्वारीची ओटी सोडून सुनेच्या कमरेला बांधली.

"यंदापासून अन्नपूर्णा धरीन चाडं," ती म्हणाली. "माहं झालं आता."

आवाज हलका होता, चेहरा नव्हता. एवढ्या लोकांपुढे आपली ओळ वाकडी येईल या भीतीनं ती बाई आपलं सगळं वैभव सुनेच्या कमरेला बांधून मोकळी होत होती.

उकंडराव अर्धवट उठला. "वयनी, तुमीच धरा न. तुमच्यासाठी केलं हाये."

"सून काय परकी हाये?"

तो पुन्हा खाली बसला.

अन्नपूर्णा बिचारी जीव लावून चालली. मूठ तिची चांगली, पाऊल एकसारखं. पण ती पुढे गेली आणि मागे ज्या ओळी राहिल्या त्या पाहून सगळं अंगण कुजबुजलं. डावी ओळ दाट, मधली बरी, आणि उजवी नुसती नावाला. कोंबड्यांनासुद्धा उजवीकडे काही मिळालं नाही.

"मिस्त्री, आता चष्मा घ्या!" नारायणराव ओरडला. हा माणूस दुसऱ्याच्या फजितीला लग्नाला आल्यासारखा नटून यायचा. लोक हसले. माझं डोकं सणकलं. मी उठून "अरे, त्या चाड्याले—" एवढं म्हणालो तोच उकंडरावानं माझ्या धोतराचा सोगा धरून मला खाली ओढलं.

"बस बे. तोंड उघडू नोको."

एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. पण ते वाक्य म्हणजे केसरबाईची मोडकी बोटं, आणि ती त्यानं भर अंगणात मांडायची नाहीत असं ठरवलेलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तळहातात रुतलेलं कूस तो नखानं काढत बसला होता, जणू तेवढंच काम राहिलं होतं. त्या क्षणी मला त्याचा राग आला आणि त्याच्यावर माझा फार जीव आहे हेही कळलं.

जानरावाचा नाइलाज होता. त्यानं मान खाली घालून चाड्याच्या दोऱ्या सोडल्या आणि ते घेऊन उकंडरावाकडे निघाला.

"थांबा," केसरबाई म्हणाली. "पाहू द्या मले."

तिनं चाडं घेतलं आणि आत हात फिरवला. सगळी हयात चाड्यावर गेलेली बाई. तिला डोळ्यांची गरज नव्हती. अंगठा उंचवट्यावरून गेला, उजवीकडच्या भोकापाशी थांबला, पुन्हा उंचवट्यावर आला. तिनं उकंडरावाकडे पाहिलं, पण तो वर पाहायला तयार नव्हता.

"बांधा हे परत," ती नवऱ्याला म्हणाली.

"अवं, आता कायले?"

"बांधा म्हन्लं न!"

तिनं सुनेच्या कमरेची ओटी सोडली, स्वतःला बांधली. उजवा हात पदरातून बाहेर काढला आणि ज्वारीची मूठ भरली. तीन बोटं मिटली. दोन ताठच राहिली, आणि ती सगळ्या गावानं पाहिली. जानरावानंही तेव्हाच पाहिली असावी, कारण त्याचा हात एकदम तोंडावर गेला. गड्यांनी दोर ओढले आणि ती चालायला लागली, नेहमीच्या संथ चालीनं, नजर समोर.

ती पार पलीकडच्या पायरीशी पोचली. मागे सारवलेल्या जमिनीवर तीन ओळी पडल्या होत्या. कोणती डावी, कोणती उजवी, सांगता आलं नसतं.

"चाडं चुकलं नाई," ती वळून म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. "माह्या मोडक्या मुठीचं हाये थे. सुनेची मूठ धड हाये, म्हून तिले जमलं नाई." मग नारायणरावाकडे बोट केलं, त्या न मिटणाऱ्या दोन बोटांसकट. "आन चष्मा लागत असंन तर तुमी घ्या."

असा हशा त्या अंगणात पूर्वी कधी पिकला नसेल. नारळ फुटला, माझ्याच हातानं फुटला. केसरबाई सरळ उकंडरावापुढे आली आणि हात उघडून त्याच्यापुढे धरला.

"मीनं तुले दाखोली नाई, मिस्त्री. घे, आता पाह्य."

त्यानं हाताकडे पाहिलंच नाही. "पाह्यली न वयनी," तो म्हणाला. "तुमच्या मेथीत."

ती एकदम हसायला लागली आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली. "मेल्या, थेच दिसू नोये म्हून तर मी कोवळी उपटत होती!"

जानराव तिच्या जवळ येऊन उभा राहिला, या वेळी दोन पावलं बाजूला नाही. त्या वर्षीही चाडं तिनंच धरलं आणि पुढे कितीतरी वर्षं तिनंच धरलं. पण ते नंतरचं. त्या वेळी अंगणात अन्नपूर्णा अजून खाली मान घालून उभी होती, आपलंच काही चुकलं असं समजून. उकंडरावाच्या ते आधी लक्षात आलं.

"अन्नपूर्णा, तुह्यासाठी येगळं करू," तो तिला म्हणाला. "तुही मूठ चांगली हाये, पोरी. फक्त मले थे पाहा लागीन." आणि माझ्याकडे न पाहता नेहमीसारखं फर्मान सोडलं, "गुलब्या, राख आन. गाळून आन."

मी भट्टीकडे धावलो. त्या दिवशी मी राख गाळून आणली.